भाषेच्या अभ्यासासाठी संख्याशास्त्र शिकायचं आहे (न/ण, नाशिक). सुरुवात कुठून करू?

कळवणची_लेक

मराठी घेऊन एम.ए. केलं, भाषाविज्ञान नंतर स्वतःच वाचत गेले. आता पीएच.डी.चा विषय पक्का करायचाय. कसमादे पट्ट्यातून (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) नाशिक शहरात येऊन राहिलेल्या कुटुंबांत 'ण' कुठे टिकतो आणि कुठे त्याचा 'न' होतो, हे बघायचं आहे. पाणी-पानी, कोण-कोन, जेवण-जेवन. घरात एक बोलणं, कॉलेज रोडवर दुसरं, हे इथले सगळेच अनुभवतात. पण "अनुभवतात" म्हणून प्रबंध होत नाही, आकडे लागतात असं मार्गदर्शकांचं म्हणणं आहे आणि ते मला पटलंय.

अडचण अशी की दहावीनंतर गणिताचा संबंध सुटला तो सुटलाच. सध्याचा बेत असा: वीस जणांशी तासतासभर गप्पा मारून रेकॉर्ड करायच्या, प्रत्येकाचे ण येऊ शकेल असे पन्नास शब्द वेचायचे. एकूण हजार नमुने होतील. मग स्त्री-पुरुष, वय, शिक्षण असे तक्ते मांडून काय-वर्ग (chi-square) चाचणी लावायची, म्हणजे गटांतला फरक नुसता योगायोगाचा आहे का ते कळेल. हजार पुरेसे आहेत ना? आणि संख्याशास्त्राच्या आज्ञावल्यांपैकी आर शिकावं की एसपीएसएस? मराठीतून समजावणारं कुणी असेल तर फार बरं होईल.

चहा_कमी_साखर

वाचतेय. माझा विषय वेगळा आहे (शाळकरी मुलांच्या वाक्यांतलं इंग्रजीचं मिश्रण), पण प्रश्न सगळे हेच.

गोदाकाठ

बत्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. भाषाविज्ञानातलं मला कळत नाही, मोजणीतलं थोडं कळतं. आर की एसपीएसएस हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा.

तुमच्याकडे हजार नमुने नाहीत. माणसं वीस आहेत, आणि हिशेब बराचसा त्या विसाच्या जवळ जाणार आहे. काय-वर्ग चाचणीची पहिली अट अशी की प्रत्येक नोंद दुसरीपासून स्वतंत्र असावी. एकाच बाईंचे पन्नास उच्चार स्वतंत्र कसे असतील? त्या 'पानी' म्हणणाऱ्या असतील तर 'कोन'ही म्हणण्याची शक्यता मोठी. एकाच पातेल्यातली मिसळ पन्नास वाट्यांत वाढली, तरी पन्नास हॉटेलांची चव कळत नाही.

नमुना-पाहणीवाल्यांकडे यासाठी जुनं सूत्र आहे. एका माणसाचे उच्चार एकमेकांसारखे असण्याचं प्रमाण ० ते १ मध्ये मोजतात. समजा ते ०.३ आहे. प्रत्येकाचे नमुने ५०. मग १ + (५० − १) × ०.३ = १५.७. तुमच्या हजाराला १५.७ ने भागा, ६४ च्या आसपास उरतात. प्रमाण ०.१ धरलं तरी १७० पुढे जात नाही. म्हणजे काय-वर्ग चाचणीला हजार सांगितलेत तर ती तुम्हाला जिथे तिथे "फरक आहे, फरक आहे" असं सांगत सुटेल. स्त्री-पुरुषांत फरक दिसेल आणि तो प्रत्यक्षात दोन-तीन बोलघेवड्या माणसांचा असेल.

कळवणची_लेक

सर, हे वाचून पोटात गोळा आला, पण समजलं. मग प्रत्येकाचे नमुने वाढवून काही उपयोग नाही?

गोदाकाठ

थोडा आहे, लवकर संपतो. वरच्याच सूत्रात ५० च्या जागी २०० घालून बघा. नमुने चार हजार होतील, भाजक ६०.७. उत्तर ६६. चौपट राबून ६४ चे ६६ झाले. तोच वेळ आणखी वीस माणसं गाठण्यात घाला.

आकड्यांना घाबरू नका. आपल्याच देवळालीत कापरेकर मास्तरांनी शाळेत शिकवता शिकवता ६१७४ शोधून काढला. तुम्हाला लागणारं गणित त्याहून सोपं आहे.

आर_वाला

मूळचा नाशिक रोडचा, आता पुण्यात. भाषेच्या डेटावरच काम करतो. सरांशी सहमत, फक्त एक जोड. माणसं नमुना असतात तसे शब्दही नमुनाच असतात. हर्बर्ट क्लार्क यांनी १९७३ मध्ये हे ठासून मांडलं: प्रयोगात वापरलेल्या मोजक्या शब्दांवरून आपण अख्ख्या भाषेबद्दल बोलतो, तर शब्दांची निवडही योगायोगाची आहे हे गणितात धरायला हवं. ताई, तुमच्या पन्नासांत वीस वेळा 'पण' आणि 'आपण'च येणार आहेत. उरलेल्यांत 'पाणी', 'कोण', 'म्हणून'. प्रबंधात 'ण चा न' असं शीर्षक टाकाल आणि प्रत्यक्षात पाच शब्दांची गोष्ट सांगाल.

यावर आज वापरतात ते लॉजिस्टिक मिक्स्ड मॉडेल. न की ण हे उत्तर, वय-लिंग-शिक्षण हे नेहमीचे घटक, आणि माणूस व शब्द हे दोन रँडम इफेक्ट, म्हणजे योगायोगाने निवडले गेलेले घटक. आरमधल्या एलएमई-फोर पॅकेजमध्ये हे एका ओळीत लिहिता येतं. समाजभाषावैज्ञानिक १९७० च्या दशकापासून व्हार्बरूल नावाची आज्ञावली वापरत होते. तीही मुळात लॉजिस्टिक रिग्रेशनच, पण जुन्या रूपात तिला माणसामाणसांतला फरक असा वेगळा धरता येत नसे. जुने शोधनिबंध वाचताना हे डोक्यात असू द्या.

पुस्तक एकच सांगतो: बोडो विंटर यांचं भाषा-अभ्यासकांसाठीचं संख्याशास्त्र, २०२० चं, आर वापरून. इंग्रजी सोपं आहे. सरासरीपासून सुरू होतं आणि मिक्स्ड मॉडेलपर्यंत नेऊन सोडतं. एसपीएसएससाठी पैसे घालवू नका, आर फुकट आहे.

भाऊड्या_देवळा

मी संख्याशास्त्राचा माणूस नाही, शेतकरी आहे आणि आमनी अहिराणी बोलतो. एक विचारतो. "ण टिकतो, ण चा न होतो" ही भाषाच कशी? आमच्यात तो 'न'च आहे. काही "झालेलं" नाही. पुण्याचा ण धरून आमचं मोजायचं, मग आम्ही कायम कमीच पडणार.

दुसरं, आमच्याकडे ळ चा य होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. नाशकात आलेली आमची पोरं आधी काय बदलतात ते बघा. माझ्या अंदाजाने य आधी जातो, कारण त्यावर लगेच हसतात. न वर कुणी हसत नाही, नाशकातले निम्मे लोक 'पानी'च म्हणतात.

कळवणची_लेक

भाऊ, पटलं. तक्त्यात फक्त 'न' आणि 'ण' असे दोन पर्याय ठेवते, कुठला मूळचा हे गृहीत धरत नाही. य चा मुद्दा तर सोन्यासारखा आहे. दोन्ही मोजले तर कोण आधी बदलतं हा एक खरा प्रश्न होईल, नुसता "किती टक्के" नाही.

सराफबाजार

अवांतर: अहिराणी मराठीत मोजावी की नाही हा वाद जुना आहे. ग्रिअर्सनने भारताच्या भाषिक सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता भिल्ल भाषांबरोबर घातलं (१९०७). आजच्या जनगणनेतही खानदेशी स्वतंत्र भाषा आहे आणि अहिराणी तिच्याखाली येते; २०११ मध्ये खानदेशीचा आकडा साडेअठरा लाखांच्या थोडा वर होता. पण तो आकडा लोकांनी "मातृभाषा" म्हणून जे सांगितलं त्याचा. घरात अहिराणी बोलून फॉर्मवर मराठी सांगणारी माणसं प्रत्येकाच्या ओळखीत असतील.

गोदाकाठ

सराफबाजार, म्हणूनच "अहिराणी भाषक" हा रकाना हो-नाही असा ठेवू नये. आई-वडिलांशी काय बोलता, मुलांशी काय, शेजारी काय, असे तीन-चार प्रश्न वेगळे विचारावेत. ग्रिअर्सनचं काम प्रचंड आहे, पण मोजणीच्या दृष्टीने एकेका बोलीचे दोन-चार उतारे. उधळ्या मुलाची एकच गोष्ट सगळ्यांकडून आपापल्या बोलीत घेतली. तुलना सोपी झाली, पण गावातल्या गावात किती फरक आहे ते त्यातून कळत नाही.

चहा_कमी_साखर

डेक्कन कॉलेजचं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण पाहिलंत का? राज्य मराठी विकास संस्थेबरोबर केलेलं आहे, संकेतस्थळावर नकाशे आहेत. कोणत्या गावात कोणतं रूप मिळतं ते दिसतं. कसमादेतल्या गावांसाठी पार्श्वभूमी म्हणून उपयोगी पडेल.

आर_वाला

ताई, आता एक वेगळाच बेत सुचवतो. विल्यम लबॉव्हचा न्यूयॉर्कमधला दुकानांचा अभ्यास माहीत असेलच. १९६२ मध्ये तो तीन दुकानांत गेला: एक महागडं, एक मधलं, एक स्वस्त. चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू आधी बघून ठेवायची आणि विक्रेत्याला ती कुठे आहे विचारायचं. उत्तर "फोर्थ फ्लोर". त्यात र दोनदा येतो, आणि तिथले बरेच जण तो गाळतात. मग नीट ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा वदवून घ्यायचं आणि कोपऱ्यात जाऊन टिपून ठेवायचं. २६४ माणसं. र काही वेळा किंवा दरवेळी उच्चारणारे महागड्या दुकानात ६२ टक्के, मधल्यात ५१, स्वस्तात २०.

गंमत अशी की सरांनी वर सांगितलेली अडचण इथे जवळजवळ नाहीच. प्रत्येक माणूस नवा, दोन-चार उच्चार देऊन मोकळा. आणि आपल्यावर अभ्यास चाललाय हे त्याला ठाऊक नसल्याने तो जपून बोलत नाही. नाशकात हे का करू नये?

भाऊड्या_देवळा

मग काय विचारणार, "पाणी कुठे मिळेल?" तुम्ही ण म्हटलात की समोरचा पण ण म्हणणार.

आर_वाला

बरोबर, विचारणाऱ्याच्या तोंडी तो आवाज यायलाच नको. उत्तरात मात्र आला पाहिजे. कोडं आहे खरं.

सराफबाजार

किराणा दुकान: "मसाल्यात मुरवलेल्या कैरीच्या फोडी आहेत का?" "लोणचं म्हणता का?" :)

चहा_कमी_साखर

दुकानदार तुम्हाला कैरीच्या फोडी कुठे ठेवल्यात ते दाखवेल आणि तोंडातून एक अक्षर काढणार नाही. गंगापूर रोडला उभं राहून "हा रस्ता पुढे कुठे जातो?" विचारा, कुणीतरी "धरणावर" म्हणेल. बाकीचे "सरळ" म्हणतील.

कळवणची_लेक

एसटी स्टँड! कळवणची गाडी लागलेली असते तेव्हा रांगेतल्या माणसाला विचारायचं, "ही गाडी कुठली?" उत्तर "कळवण". माझ्या प्रश्नात ण नाही, ळही नाही. "ही गाडी कुठे चालली?" असंही चालेल. आणि 'कळवण'मध्ये ळ आणि ण दोन्ही आहेत, म्हणजे भाऊंचा य-वाला प्रश्नही एकाच शब्दात येतो. मग "काय म्हणालात?" असं विचारून दुसऱ्यांदा...

भाऊड्या_देवळा

"म्हणालात" मध्ये ण आला की ताई.

कळवणची_लेक

हो की! नुसतं "काय?" किंवा "ऐकू नाही आलं". वणीच्या आणि सटाण्याच्या गाड्यांनाही हेच करता येईल. ठक्कर बाजार, मेळा, जुनं सीबीएस, जिथून ज्या गाड्या सुटतात तिथे.

गोदाकाठ

उत्तम. आता दोन पथ्यं. पहिलं, कंडक्टर वगळा. "कळवण कळवण कळवण" ही त्यांची आरोळी आहे, बोलणं नाही. दुसरं, एकाच रांगेतल्या पाठोपाठच्या माणसांना विचारू नका. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याने ऐकलेलं असतं. गाडीमागे एक किंवा दोनच.

पहिल्या आणि दुसऱ्या उच्चाराची तुलना करायला काय-वर्ग चाचणी नको, कारण त्या दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत. इथे मॅक्नेमार चाचणी. समजा १०० माणसं. ६० जण दोन्ही वेळा न म्हणाले, २५ जण दोन्ही वेळा ण. १२ जण न वरून ण वर गेले, ३ जण उलटे. पहिले ८५ या प्रश्नाला काहीच सांगत नाहीत. ते बदललेच नाहीत. प्रश्न फक्त पंधरांचा: १२ विरुद्ध ३. नाणं उडवून १५ पैकी इतका किंवा याहून जास्त कलता निकाल, कुठल्याही बाजूला, येण्याची शक्यता ०.०३५. हेच पी-मूल्य. हे शाळेतल्या द्विपद विस्ताराने हाताने काढता येतं. एकदा हातानेच काढा, मग संगणक वापरा. पी-मूल्य म्हणजे काय ते आयुष्यभर विसरणार नाही.

आर_वाला

सरांचं शेवटचं वाक्य चौकटीत लावण्यासारखं.

पण स्टँडच्या बेताची मर्यादाही स्पष्ट लिहा. हाती फक्त 'कळवण', 'वणी', 'सटाणा' येणार. गावाची नावं आहेत, पाटीवर छापलेली. पाटी वाचून सांगणारा माणूस जेवणाच्या ताटावर 'जेवन'च म्हणत असेल. माणसाचं वय अंदाजाने, शिक्षण माहीत नाही, गाव माहीत नाही. तेव्हा स्टँडवरून फक्त एवढंच: जपून बोलताना कुठला आवाज किती सरकतो आणि वयाप्रमाणे काही कल दिसतो का. कुटुंबांतला बदल, घर आणि बाहेर यांतला फरक, यासाठी गप्पांचं रेकॉर्डिंग लागणारच. वीसऐवजी चाळीस माणसं, प्रत्येकी पंचवीस-तीस नमुने, आणि एकाच शब्दाचे एका माणसाकडून तीनपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत.

कळवणची_लेक

कुठले शब्द वगळायचे? 'आणि' धरू का?

आर_वाला

'आणि' वगळा. गप्पांत तो 'अन्', 'नि', 'आन्' असा काहीही होतो; तिथे प्रश्न न की ण हा उरतच नाही, शब्दच आक्रसलेला असतो. 'म्हणून'चं 'म्हून' झालं की तेही बाहेर. 'घंटा', 'अंडं', 'थंड' यांतला अनुनासिक पुढच्या ट-ड मुळे आपोआप वळतो, बोलणाऱ्याला निवड नाही, तेही बाहेर. जिथे दोन्ही उच्चार शक्य आहेत तेवढ्याच जागा मोजायच्या. हे नियम रेकॉर्डिंग ऐकायच्या आधी लिहून ठेवा. निकाल दिसल्यावर वगळण्याची कारणं फार पटापट सुचतात.

गुणकाचा अर्थ लावतानाही सांभाळा. लॉजिस्टिक मॉडेल लॉग-ऑड्समध्ये बोलतं; ऑड्स म्हणजे ण ची शक्यता भागिले न ची, आणि हा त्याचा लॉग. समजा शिक्षणाचा गुणक ०.७ आला. याचा अर्थ ७० टक्के नाही. ऑड्स जवळपास दुप्पट होतात. मुळात ५० टक्के ण असेल तर तो ६७ होईल. मुळात ९० असेल तर ९५ च्या आसपास. गुणक तोच, टक्क्यांतला फरक कुठे १७, कुठे ५. प्रबंधात गुणकाबरोबर टक्केही द्या.

चहा_कमी_साखर

आणि ऐकू नीट आलं याची खात्री कशी? पटापट बोलताना ण आणि न यांत मला तरी रेकॉर्डिंगवर गोंधळ होतो.

आर_वाला

दोन मार्ग. प्राट या फुकट आज्ञावलीत ध्वनी बघता येतो. ण ला जीभ मागे वळते त्यामुळे आधीच्या स्वराच्या शेवटी तिसरा फॉर्मंट (आवाजातल्या ठळक कंपनांचा तिसरा पट्टा) खाली उतरतो. शंकेच्या जागी मदत होते. दुसरा मार्ग म्हणजे दुसरे कान. दोनेकशे नमुने दुसऱ्या कुणाला ऐकवा, तुमची उत्तरं न दाखवता, आणि जुळणी बघा.

गोदाकाठ

जुळणीच्या टक्क्यांवर जाऊ नका. समजा दोघेही दहापैकी नऊ वेळा न लिहितात. कान बंद करून लिहिलं तरी ०.९ × ०.९ + ०.१ × ०.१, म्हणजे ८२ टक्के वेळा जुळेल. तुमची जुळणी ९० टक्के आली तर मूळ कमाई फक्त ८ टक्क्यांची, मिळण्यासारख्या १८ पैकी. यालाच कोहेनचा कप्पा (kappa) म्हणतात: ८ भागिले १८, ०.४४. ऐकायला ९० छान वाटतं, ०.४४ कळलं की माणूस पुन्हा ऐकायला बसतो.

भाऊड्या_देवळा

दुसरे कान मी देतो. पण स्टँडवर न सांगता लोकांचं टिपून घ्यायचं हे बरोबर आहे का?

कळवणची_लेक

मलाही तेच खुपत होतं. माझं मत सध्या असं: स्टँडवर रेकॉर्डिंग अजिबात नाही, फोटो नाही, नाव-गाव नाही, फक्त न/ण, ळ/य आणि अंदाजे वय. चारचौघांत कुणीही ऐकू शकेल असा एक शब्द. गप्पांसाठी मात्र आधी लेखी संमती, आणि नंतर नको वाटलं तर पुसून टाकायची मुभा. तरीही दोन्ही गोष्टी विद्यापीठाच्या नैतिकता समितीसमोर आधी ठेवते. त्यांनी स्टँड नको म्हटलं तर सोडेन.

तक्ता असा करतेय: गाडी, वेळ, स्त्री/पुरुष, वयोगट (तरुण, मध्यम, वयस्क), पहिला उच्चार, दुसरा उच्चार.

आर_वाला

वयोगट नको, अंदाजे आकडाच लिहा, ३५, ५०, ६०. गट नंतर केव्हाही पाडता येतात, गटातून आकडा परत निघत नाही. आणि ण व ळ एका रकान्यात कोंबू नका. एका ओळीत एक उच्चार: माणसाचा क्रमांक, कितवा उच्चार, कुठला आवाज, काय ऐकू आलं. एका माणसाच्या चार ओळी होतील. दिसायला कंटाळवाणं आहे, पण आरला असंच लागतं. "ऐकू आलं नाही" हाही एक पर्याय ठेवा, मोकळी चौकट सोडू नका.

गोदाकाठ

आणि टिपणारा कोण याचाही रकाना ठेवा. उद्या मदतीला दुसरं कुणी उभं राहिलं तर लागेल. पहिल्या तीसेक नोंदी झाल्या की इथेच टाका, पुढे जाण्याआधी तक्ता तपासून देतो.